ओला रस्ता, ब्रेक आणि वेळेची मालकी

गेल्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या संध्याकाळी, आमच्या घरासमोरच्या वळणावर एक तरुण मोटारसायकलवरून घसरून पडला. कोणाच्या तरी घरी जेवण पोचवावयास तो निघाला होता. वेग फारसा नव्हता. एक कुत्रे आडवे आले, त्याने पायाखालचा ब्रेक जोरात दाबला आणि मागचे चाक रस्त्यावरील पांढऱ्या पट्ट्यावरून बाजूला सरकले. आम्ही दोघातिघांनी त्याला उचलले. त्याने प्रथम पाठीवरची पेटी उघडून पाहिली, मग मोबाइलवर वेळ पाहिली, आणि त्यानंतरच फुटलेल्या गुडघ्याकडे त्याचे लक्ष गेले. जमलेल्यांपैकी एकाने तेवढ्यात निवाडा देऊन टाकला : "ही पोरे गाड्या हाकतातच बेफाम."

ज्याचे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले त्याला त्या तरुणाच्या कृतीतला क्रम विसरता येत नाही. आधी माल, मग वेळ, शेवटी शरीर. हा क्रम त्याने ठरवलेला नव्हता.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातात मेली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे सारे मृत्यू पावसातले नव्हेत. परंतु दुचाकी हे या देशातील श्रमिकाचे वाहन आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने ते त्याला ओल्या रस्त्यावरूनच चालवावे लागते. म्हणून ओल्या रस्त्यावर गाडी कशी थांबवावी, हा प्रश्न केवळ वाहनशिक्षकाचा नाही, आपलाही आहे.

प्रथम साधे गणित पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, तर ते ११ मीटर हातचे गेलेच. त्यापुढे कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी साधारण ९ मीटरांत थांबू शकते. रस्ता ओला होऊन टायरची पकड कोरड्याच्या निम्म्याच्या थोडी वर उरली, तर तेच अंतर १६ मीटरांच्या घरात जाते. म्हणजे एकूण २७ मीटर. वेग ६० असेल तर हीच बेरीज ५२ मीटरांवर पोचते. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. समोरच्या वाहनापासून राखलेले अंतर हेच चालकाचे खरे भांडवल होय.

आता ब्रेकविषयी. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक समज चालत आला आहे की, पुढचा ब्रेक लावू नये, माणूस हँडलवरून फेकला जातो. वस्तुतः ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे सरकतो, पुढच्या चाकाची पकड वाढते आणि मागच्याची घटते. नुसता मागचा ब्रेक दाबणारा चालक पकड गमावत असलेल्या चाकावर सारा विश्वास टाकतो. ते चाक फिरायचे थांबले की गाडीचे शेपूट भरकटते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र लावले पाहिजेत. मात्र पुढचा हिसक्याने नव्हे, तर ओला कपडा पिळताना मूठ जशी हळूहळू आवळत जाते तसा. आधी हलका, भार पुढे आला की थोडा अधिक. ओल्यात भार कोरड्याइतका पुढे सरकत नाही, म्हणून मागच्या ब्रेकला थोडा जास्त वाटा द्यावा. पुढचे चाक अडकल्याचे जाणवले तर ब्रेक तत्क्षणी सैल करून पुन्हा हळुवार लावावा. त्या क्षणी तो आणखी आवळणे म्हणजे पडणे.

गाडी सरळ उभी असतानाच ब्रेक लावावा. वळणात ती कललेली असताना पकडीचा बराच वाटा वळण्यातच खर्ची पडतो, म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा. ॲक्सिलरेटर सोडून, एकेक गिअर उतरवून इंजिनालाच गाडी आवरू द्यावी. घाबरून सुरुवातीलाच क्लच दाबला तर ही मदत नाहीशी होते. पाण्यातून गाडी गेल्यावर ब्रेक दोनतीनदा हलके लावून कोरडे करून घ्यावेत. पहिल्या पावसात साचलेले तेल आणि धूळ वर येतात, तेव्हा सर्वाधिक जपावे. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, रेल्वे फाटकातील रूळ, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक यांवर ब्रेक लावू नये. त्यांच्या अलीकडेच वेग उतरवावा.

हे सारे शिकता येते. पण केवळ शिकवून प्रश्न सुटत नाही.

चाक अडकू न देणारी यंत्रणा, एबीएस, जगात नवी नाही. आपल्याकडे २०१८ साली नव्या नमुन्यांना आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना नियम लागू झाला तो असा : १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचे. त्याखालच्या गाड्यांना मात्र दोन्ही चाकांवर जोर वाटून देणारी जोड-ब्रेकची व्यवस्था पुरेशी मानली गेली. ही व्यवस्था उपयोगी आहे, पण चाक अडकणे ती थांबवीत नाही. १२५च्या खालची गाडी कोण घेतो? दूधवाला, गवंडी, शिक्षक, सामान पोचवणारा, आपला कार्यकर्ता. जून २०२५ मध्ये ही रेषा पुसण्याचा मसुदा केंद्र सरकारने प्रसिद्ध केला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. तथापि नियम नव्या गाड्यांना लागतो. जुन्या कोट्यवधी गाड्या रस्त्यावर राहणारच, आणि त्या श्रमिकाकडेच राहणार.

दुसरी गोष्ट वेळेची. सुरक्षित अंतर राखणे म्हणजे वेळ खर्च करणे. जो प्रत्येक खेपेमागे पैसे मिळवतो, त्याच्या दृष्टीने सावकाश जाणे ही मजुरीतील कपात असते. पाऊस वाढला की मागणी वाढते, खेपेचा दर चढतो, आणि ज्या तासांत वेग कमी करायचा त्याच तासांत धावण्याचे आमिष सर्वांत मोठे होते. यावर असे म्हटले जाते की, धोक्याचा मोबदला मिळतो, तो स्वेच्छेने जातो. अप्रिय कामाला अधिक मजुरी मिळते, हे ॲडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवले आहे. पण ज्याला काम नाकारता येते त्याच्याच बाबतीत हा युक्तिवाद खरा. ज्याच्या गाडीचा हप्ता पाच तारखेला भरायचा आहे, त्याची स्वेच्छा ती कोणती? पुढच्या वाहनापासूनचे ते २७ मीटर त्याने विकलेले नसतात, ते त्याच्याकडून काढून घेतलेले असतात.

कामावर झालेल्या इजेची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व आपल्या देशात १९२३च्या कायद्याने आले. शंभर वर्षांनंतर त्याच कामगाराला 'भागीदार' म्हणायचे आणि पडल्यावर गुडघा त्याचा त्याने बांधायचा, ही प्रगती नव्हे. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांचा नावानिशी उल्लेख झाला. उल्लेखाचे हक्कात रूपांतर करणे हे चळवळीचे काम आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? मे महिन्यात आपापल्या गावी एखादे मोकळे मैदान मिळवावे, त्यावर पाणी मारावे आणि एखाद्या जाणत्या चालकाच्या देखरेखीखाली ताशी वीसच्या वेगाने दोन्ही ब्रेक लावण्याचा सराव घ्यावा, डोक्याला हेल्मेट बांधून. वॉर्डातील घसरड्या जागांची यादी करून ती नगरपालिकेपुढे ठेवावी आणि त्या दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करावा. पावसाच्या तासांत पोचवण्याच्या वेळेची अट नको, उशिराबद्दल कपात नको आणि अपघाताची भरपाई कंपनीने द्यावी, या मागण्या संघटनेच्या पत्रकात आल्या पाहिजेत. आणि आपण स्वतः, पावसात काही मागवले असेल तर, दारात उशिरा आलेल्या माणसाला घड्याळ दाखवू नये.

त्या संध्याकाळी गुडघ्याला रुमाल बांधून तो तरुण पुन्हा गाडीवर बसला. मी त्याला म्हणालो, "बाबा, सावकाश जा." तो हसला आणि म्हणाला, "सर, ते माझ्या हातात असतं तर!" ब्रेक त्याच्या हातात होता, वेळ नव्हता. तो त्याच्या हाती आणून देणे हे आपले काम आहे.