पुसू नका, बिघाड शोधा

एकाच संगणकाच्या पोटात चार-पाच संगणक, एखादा राउटर आणि त्यांना जोडणाऱ्या तारा असे सारे जाळे उभे करता येते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अशा इम्युलेटरमध्ये यंत्रे नकली, पण त्यांत चालणारी आज्ञावली बहुधा खऱ्या यंत्राचीच असते. म्हणून बिघाडही खऱ्यासारखे होतात. मग 'पिंग'ला उत्तर आले नाही की पुष्कळ जण सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडतात. माझ्या मते प्रयोगातला शिकण्याजोगा भागच ते असा फेकून देतात.

पिंग हे छोटे साधन १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने लिहिले. पाणबुडीच्या सोनारसारखी हाक द्यायची आणि प्रतिसादाची वाट पाहायची, एवढेच त्याचे काम.

आता असे करा. अमरावती नावाचे एक जाळे मांडा, अकोला नावाचे दुसरे, आणि मध्ये राउटर. अमरावती स्थानकावरून अकोल्याकडे जाणारी गाडी आधी बडनेऱ्याला येते. हा राउटर म्हणजे आपले बडनेरा. परगावचे टपाल बडनेऱ्याला द्यावे, असे प्रत्येक संगणकाला सांगून ठेवावे लागते. यालाच डीफॉल्ट गेटवे म्हणतात. समजा, अमरावतीच्या संगणकात तो भरला, अकोल्याच्या संगणकात राहून गेला. संदेश अकोल्याला सुखरूप पोचतो, पण उत्तराला परतीची वाट ठाऊक नसते. पडद्यावर मात्र एवढेच दिसते की वेळ संपली, उत्तर नाही.

शोध घ्यावा तो जवळून लांब जात. आधी शेजारच्या संगणकाला पिंग करा, मग राउटरच्या अलीकडच्या बाजूला, मग पलीकडच्या. तिथवर उत्तर येते, अकोल्याचा संगणक तेवढा गप्प! आता राउटरवरूनच त्याला विचारा. तो लगेच बोलतो, कारण राउटर त्याच्याच जाळ्यातल्या पत्त्यावरून विचारतो आणि उत्तर गावातल्या गावात देता येते. म्हणजे संगणक चालू आहे, तार ठीक आहे; संशय परतीच्या वाटेवर. सगळे पुसणाऱ्याला हे कळत नाही, आणि नव्या मांडणीतही तो तेच विसरण्याचा संभव असतो.

पहिलाच संदेश हरवला व पुढचे पोचले, तर बहुधा तो बिघाड नव्हे. शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता विचारण्यात तेवढा वेळ जातो. उत्तर कधी येते, कधी नाही, असे झाले तर मात्र पाहा : एका यंत्राची प्रत काढून दुसरे बनवताना दोघांचा हार्डवेअर पत्ता एकच तर राहिला नाही? नकली प्रयोगशाळेची ही खास खोड आहे.

शिक्षकांना एक विनंती. यशस्वी पिंगचे चित्र पाहून गुण देऊ नका. एकाची फाइल तीस जणांकडे सहज जाते. तुम्हीच एक दोष घालून जाळे द्या आणि काय तपासले, त्यावरून काय ठरवले, हे वहीत लिहायला लावा. दोष सुचत नसेल, तर राउटरची एक बाजू बंद ठेवा. अनेक खरे राउटरही आज्ञा मिळेपर्यंत ती बंदच ठेवतात.