लहान पक्षाचें मत पाण्यांत जातें काय ?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, निवडणूक जवळ आली कीं चावडीवर, पारावर, लोहाराच्या भात्यापाशीं एकच वाक्य कानीं येतें : "माणूस चांगला, पण पक्ष लहान. त्याला मत म्हणजे मत पाण्यांत !" हें बोलणारा बहुधा गरीबच असतो, पण तें त्याच्या तोंडीं घालणारा मात्र गरीब नसतो. तेव्हां हें वाक्य कितपत खरें, तें आज आपण तराजूंत घालून पाहूं.

प्रथम कायदा पाहा. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतें तो निवडून येतो. बाकीच्यांच्या मतांना जागा मिळत नाहीं. विधानसभेला उभें राहावयाचें तर १०,००० रुपये अनामत भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. एकंदर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतें न मिळालीं तर पडलेल्या उमेदवाराची ती रक्कम सरकारजमा होते. मोठ्या पक्षाला हा एका सभेच्या हारतुऱ्यांचा खर्च. कुळवाड्याच्या पोराला मात्र ते घरचे दाणे.

आतां आंकडे पाहा. २०१९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकींत वंचित बहुजन आघाडीला राज्यभर शेंकडा साडेचारच्या आसपास मतें मिळालीं, पण आमदार एकहि नाहीं. त्याच निवडणुकींत एमआयएम पक्षाला शेंकडा दीडहि मतें नव्हतीं. तरी मालेगांव मध्य व धुळे शहर अशा दोन जागा त्याला मिळाल्या. हा चमत्कार नव्हे. पाटाचें एका पाळीचें पाणी चाळीस एकरांवर सोडलें तर ढेकूळहि भिजत नाहीं. तेंच चार वाफ्यांना दिलें तर वाफे हिरवे होतात. एकाचें पाणी पसरलें, दुसऱ्याचें सांठलें. इतकाच फरक !

नियम बदलला कीं निकालहि बदलतो. १९३७ सालीं मुंबई इलाख्यांत कित्येक मतदारसंघ एकाहून अधिक जागांचे होते. मतदाराला जितक्या जागा तितकीं मतें असत, व तीं सर्व एकाच उमेदवाराच्या पदरांत टाकण्याची मुभा असे. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला तेव्हां पुरतें वर्षहि झालें नव्हतें. त्यानें १७ उमेदवार उभे केले व त्यांतले बहुतेक निवडून आले. याच्या उलट २०१७ सालीं राज्यांतल्या अनेक महापालिकांत एका प्रभागांत चार-चार जागा ठेवल्या. मतदाराला मतें चार, पण प्रत्येक मत निराळ्या जागेला. एकत्र करण्याची सोय नाहीं. प्रभाग एवढा मोठा कीं पायीं फिरणारा उमेदवार थकून जावा. अशा ठिकाणीं ज्याच्यापाशीं चौघांचें पॅनेल व गाड्यांचा ताफा, त्याचेंच फावतें.

पण सगळा दोष कायद्याच्या माथीं मारणें बरें नव्हे. शेतकरी कामगार पक्षाचेंच पाहा. ब्राह्मणेतर चळवळींतून वर आलेले केशवराव जेधे व शंकरराव मोरे यांनीं तो उभा केला. १९७८ सालीं त्याचे १३ आमदार होते. २०१९ आणि २०२४ ह्या दोन्ही निवडणुकींत एकेकच. माणसें कोठें गेलीं ? ज्याच्या हातीं सत्ता, त्याच्या दारीं गेलीं. जेधे स्वतःहि पुढें काँग्रेसमध्यें परतले. पुढारी गेला कीं कार्यकर्ता जातो, आणि कार्यकर्ता गेला कीं मतदार म्हणतो, "आतां आम्हींच काय घोडें मारलें ?"

याच पक्षाचे गणपतराव देशमुख मात्र १९६२ पासून २०१४ पर्यंत सांगोल्यांतून ११ वेळां निवडून आले. तालुका दुष्काळी. १९७२ व १९९५ सालीं ते पडले, पण पडले म्हणून पक्ष सोडला नाहीं. पुन्हां त्याच गांवांत, त्याच लोकांपुढें उभे राहिले. पाण्यासाठीं नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेंत ते होते. २०१९ सालीं त्यांच्या नातवाचा हजाराहूनहि कमी मतांनीं पराभव झाला. २०२४ सालीं दुसऱ्या नातवानें ती जागा परत मिळविली. रयतेचा पक्ष घराण्यावर टेंकावा, हें आम्हांस टोंचतें आणि तें आम्ही लपवीत नाहीं. पण मत पाण्यांत जातें म्हणणारांनीं सांगोल्याकडे पाहावें. तेथें साठ वर्षांत लोकांनीं लहान पक्षाला पुन्हां पुन्हां निवडून दिलें, कारण निवडणूक नसे तेव्हांहि तो त्यांच्यांत असे.

म्हणून लहान पक्षांना आमचें सांगणें आहे. २८८ ठिकाणीं नांवें नोंदवून अनामती घालवूं नका. दहा तालुके निवडा, पण पांचहि वर्षें तेथें राहा. ग्रामपंचायतीला पक्षाचें चिन्ह नसतें. तेथें माणूसच चिन्ह असतो. पेरणी तेथून करा, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद. आणि अर्ज भरून मोठ्या पक्षाकडून पैसे घेऊन माघार घेणारा जो असेल, त्याला आधीं आपणच हांकला. त्यानें तुमचा सौदा केलेला असतो.

आणि बंधुभगिनींनो, तुम्हीहि एवढें करा. उमेदवार दारीं आला कीं तो निवडून येईल काय, हें विचारूं नका. गेल्या पांच वर्षांत कालव्याच्या पाळीसाठीं, रोजगार हमीच्या मजुरीसाठीं, गहाण पडलेल्या जमिनीसाठीं तो कितीदां तुमच्याबरोबर कचेरींत आला, तें विचारा. आला असेल तर पक्ष केवढाहि असो, मत त्याचें. नसेल आला, तर पक्ष लहान आहे म्हणून त्याची कींव करूं नका.

मत हा शर्यतींतल्या बैलावर लावलेला पैसा नव्हे कीं जिंकणाऱ्यावरच लावावा. तें तुमच्या हातचें बियाणें आहे. सावकार सांगेल त्याच्या रानांत तें टाकावयाचें कीं आपल्या, हें ठरविणारे तुम्हीच.