मेस्सी येऊन गेला, वऱ्हाडातील मैदानांचे काय?

फुटबॉलचा महानायक लिओनेल मेस्सी १३ ते १५ डिसेंबर २०२५ या तीन दिवसांत कोलकाता, हैदराबाद, मुंबई आणि दिल्ली असा धावता दौरा करून गेला. कोलकात्यात हजारो रुपयांचे तिकीट काढून आलेल्या चाहत्यांना त्याचे धड दर्शनही घडले नाही. मंत्री, अधिकारी आणि आयोजकांच्या गराड्यातून तो वीसेक मिनिटांत निघून गेला आणि संतप्त प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये मोडतोड केली. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांना जाहीर माफी मागावी लागली, मुख्य आयोजकाला अटक झाली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर मात्र सारे सुरळीत पार पडले. सचिन तेंडुलकरने त्याला आपली जर्सी भेट दिली. याच सोहळ्यात तेरा वर्षांखालील ६० मुला-मुलींना पाच वर्षे प्रशिक्षण देणाऱ्या राज्य सरकारच्या ‘महादेवा’ उपक्रमाचा गाजावाजा झाला. तेथून सहाशे किलोमीटरवरील अमरावती-अकोल्याच्या क्रीडाप्रेमींनी या सोहळ्याकडे कसे पाहावे, हा खरा प्रश्न आहे.

पराक्रम आणि वाद

मेस्सीच्या कर्तृत्वाविषयी दुमत नाही. बार्सिलोनासाठी ६७२ गोल, आठ वेळा ‘बॅलन डी’ओर’ आणि २०२२ चा विश्वचषक ही त्याची कमाई आहे. वादांनीही त्याची पाठ सोडलेली नाही. ४१ लाख युरोंच्या करचुकवेगिरीबद्दल २०१६ मध्ये स्पेनच्या न्यायालयाने त्याला २१ महिन्यांची शिक्षा सुनावली. पुढे तिचे दंडात रूपांतर झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाँगकाँगमधील प्रदर्शनीय सामन्यात तो मैदानात उतरलाच नाही. प्रेक्षक खवळले आणि आयोजकांना तिकिटांची निम्मी रक्कम परत करावी लागली. कोलकात्याचा गोंधळ याच मालिकेतला.

या वादांमागे एक समान धागा दिसतो. खेळाडू खेळण्यासाठी नव्हे, तर दाखविण्यासाठी आणला जातो, तेव्हा पैसा मोजणारा प्रेक्षक आणि पैसा मिळवणारा आयोजक यांच्यात फसवणुकीची भावना उरते. सप्टेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या याच स्टेडियमवर मेस्सी अर्जेंटिनाचा कर्णधार म्हणून व्हेनेझुएलाविरुद्ध प्रत्यक्ष खेळला होता. अर्जेंटिनाने तो सामना १-० असा जिंकला आणि कोलकातेकर तृप्त होऊन घरी गेले. खेळ झाला, म्हणून समाधान झाले.

रोसारिओचा धडा

मेस्सी राजधानीत जन्मला नाही. ब्यूनोस आयर्सपासून तीनशे किलोमीटरवरील रोसारिओ हे त्याचे गाव. शरीराची वाढ खुंटविणाऱ्या विकारावरील महागडे उपचार कुटुंबाला पेलवेनात, तेव्हा बार्सिलोना क्लबने ती जबाबदारी उचलली. त्या वेळी तो तेरा वर्षांचा होता. गुणवत्ता त्याची होती. परंतु तिला वयाच्या तेराव्या वर्षी हात देणारी व्यवस्था नसती, तर आज जगाला हे नाव ठाऊक झाले नसते.

वऱ्हाडाला व्यायाम-संस्कृती नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीची प्रात्यक्षिके दाखविली. क्रिकेटमध्ये अमरावतीचा जितेश शर्मा भारतीय संघापर्यंत आणि अकोल्याचा अथर्व तायडे आयपीएलपर्यंत पोचला. दोघांसाठीही विदर्भ क्रिकेट संघटनेची शिडी उपलब्ध होती. विदर्भाला स्वतंत्र संघ आहे आणि तो तीन वेळा रणजी विजेता ठरला आहे. आपल्या भागातील खेळाडू पुढे जातो, हे मुलांना आणि पालकांना डोळ्यांसमोर दिसते.

फुटबॉलमध्ये ही सोय नाही. संपूर्ण राज्यासाठी एकच वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन असून तिचा कारभार मुंबईतून चालतो. वऱ्हाडातील मुलाला शालेय स्पर्धांतून तालुका, जिल्हा, अमरावती विभाग असे टप्पे ओलांडावे लागतात. एखादा सामना हरला की वर्ष संपले. नियमित लीग नसेल, तर गुणी मुलाला पारखणार कोण? काळ्या मातीच्या मैदानांवर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, ही अडचण वेगळीच.

राष्ट्रीय पातळीवरही चित्र निराशाजनक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारत बांगलादेशकडून ०-१ असा पराभूत झाला. मेस्सीचे स्वागत सुरू असताना इंडियन सुपर लीगचा हंगाम व्यावसायिक कराराच्या घोळात अडकून पडला होता. महानायकासाठी पैसा उभा राहतो, लीगसाठी मात्र राहत नाही, ही विसंगती खुद्द भारतीय फुटबॉलपटूंनाही बोचली.

‘महादेवा’ उपक्रमाचा हेतू स्वागतार्हच आहे. परंतु ६० मुलांची निवड ही शिडीची वरची पायरी झाली. खालच्या पायऱ्या, म्हणजे प्रशिक्षित मार्गदर्शक, निचरा होणारी मैदाने आणि अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत वर्षभर चालणारी किशोरांची लीग, उभारल्याशिवाय वरची पायरी अधांतरीच राहील. मेस्सीच्या भेटीचे मोल वानखेडेवरील टाळ्यांत मोजता येणार नाही. पाच वर्षांनी अचलपूर किंवा मूर्तिजापूरचा एखादा मुलगा, एखादी मुलगी राज्याच्या संघात दिसते की नाही, यावरच ते ठरेल.