वस्तूची जागा



धनत्रयोदशीला सावद्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानापुढे गर्दी होते. पितळ-स्टीलच्या शेजारी आता मेलामाइनच्या फुलाफुलांच्या ताटल्या असतात. हलक्या, सहसा न फुटणाऱ्या, खिशाला परवडणाऱ्या. ढाब्यावरची शेवभाजी त्यांतच येते. ज्या मुलखात हिवाळ्यात मळ्यातलं भरीत अजून केळीच्या पानावर वाढतात, तिथे ही ताटली आली कुठून?

आपल्याच युरियाच्या गोणीतून! केळीच्या बुडाशी टाकतो तोच युरिया कारखान्यात तापवला की मेलामाइन होतं. शेजारच्या गुजरातेत बडोद्याला ते बनतं. त्यात फॉर्माल्डिहाइड मिसळून ताटली घडते.

मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन. आणि डेन्मार्कच्या केल्डालने १८८३ मध्ये घालून दिलेली प्रथिनं मोजण्याची रीत मोजते नायट्रोजनच. ही फट लबाडांनी हेरली. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. कागदावर दूध कसदार ठरलं. २००८ मध्ये सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, कित्येकांच्या मूत्रपिंडात खडे झाले, सहा दगावली. भारताने त्याच सप्टेंबरात चिनी दुधाची आयात थांबवली. पुढे २०१० मध्ये जागतिक मर्यादा ठरली: बाळांच्या दूध पावडरीत किलोमागे एक मिलिग्रॅम, इतर अन्नात अडीच.

मग ताटलीचं काय? तैवानच्या संशोधकांनी बारा जणांना गरम सूप एकदा मेलामाइनच्या, एकदा चिनी मातीच्या वाडग्यातून पाजलं. मेलामाइनच्या वाडग्यानंतर लघवीतलं मेलामाइन सहापटींहून जास्त भरलं. मात्रा मायक्रोग्रॅमची, शरीर ती लवकर बाहेर टाकतं; म्हणून घाबरून ताटल्या फेकायला नकोत. सुका फराळ खुशाल वाढा. उकळती आमटी, आंबट कढी मात्र स्टीलमध्ये. चरे पडलेली ताटली बाद करा, मायक्रोवेव्हमध्ये तर ठेवूच नका. बाद झालेली ताटली वितळवून दुसरी होत नाही, हेही ध्यानात असू द्या. जेवण झालं की केळीचं पान गाय खाते. फुटकी ताटली गटारीकाठी वर्षानुवर्षं पडून राहते. पाण्यात गेलेलं मेलामाइनही सहजी विरत नाही. युरोपने २०२३ मध्ये त्याला अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत घातलं ते यासाठीही.

युरिया मुळाशी खत, त्याचंच मेलामाइन दुधात विष. पणती उंबरठ्यावर उजेड देते, कापसाच्या गंजीत आग लावते. कोणती वस्तू कुठे ठेवायची, हे आपल्या आजीला पणतीपुरतं नेमकं ठाऊक होतं. आपल्या घरात वस्तू वाढल्या, तेवढी ही जाण वाढली नाही. यंदाचा अंक म्हणूनच ‘ताट’ या विषयाला वाहिला आहे. फराळाला बसताना तो हाताशी असू द्या. आणि ताटात काय आहे याबरोबर ताट कशाचं आहे, तेही एकदा पाहा.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक