काटा पाहिला, पाजणे पाहिले का?

'बाळ अजून बाळसे धरत नाही,' असे घरात कुणीतरी म्हणते आणि सगळ्यांच्या नजरा बाळंतिणीकडे वळतात. तिला दूध येत नसेल, आले तरी पातळ असेल, तिने पथ्य पाळले नसेल. मग अळिवाची खीर, शतावरी कल्प, डिंकाचे लाडू सुरू होतात आणि आठवडाभरात फरक दिसला नाही की औषधाच्या दुकानातून पावडरीचा डबा येतो. या धावपळीत एक गोष्ट राहून जाते. बाळ अंगावर पीत असताना आईच्या शेजारी बसून ते कसे पिते आहे, हे पंधरा मिनिटे कुणी पाहत नाही. दवाखान्यात वजन होते, अंगणवाडीत वजन होते, आकडा कार्डावर चढतो; पाजणे पाहायचे राहते. माझी तक्रार नेमकी ही आहे.

आकडा वाचतानाही आपण चुकतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचे वजन उतरते. सात टक्के, कधी दहा टक्क्यांपर्यंतही. बारशाच्या सुमारास, फार तर दोन आठवड्यांत, जन्माचे वजन परत यायला हवे. २.८ किलोचे बाळ पाचव्या दिवशी २.६ भरले तर घाबरण्याचे कारण नाही. तेच बाळ पंधराव्या दिवशीही २.६ वरच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पुढचे तीन महिने दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ, पाच-सहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट, असा ढोबळ हिशेब आहे. अनेक अंगणवाड्यांतल्या टांगत्या काट्यावर मात्र दर शंभर ग्रॅमला एक रेघ असते. दोन-तीन दिवसांची वाढ त्याला दिसणारच नाही. त्यातून एकदा झबल्यासकट, एकदा उघडे, एकदा पाजण्याआधी, एकदा नंतर असे वजन केले तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. काटा तोच हवा, कपडे उतरवलेले हवेत आणि मध्ये निदान आठवडा जायला हवा.

शेजारच्या बाळाशी तुलना तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेले वाढीचे आलेख सहा देशांतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळांवरून तयार झाले आणि त्यांत आपल्या दिल्लीतली बाळेही होती. त्या आलेखावर आपले बाळ कोणत्या रेघेवर आहे, यापेक्षा ते आपली रेघ धरून वर जाते आहे का, हे महत्त्वाचे. सव्वादोन किलोचे जन्मलेले चणीने लहान बाळ आपल्या गतीने चढत असेल तर ते चांगले चालले आहे. साडेतीन किलोच्या गुटगुटीत बाळाची रेघ आडवी झाली, तर चिंता त्याची करायची.

आता त्या पंधरा मिनिटांकडे येऊ. पाहणाऱ्याने काय पाहायचे? बाळाचे तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडले आहे का? हनुवटी आईच्या स्तनाला टेकली आहे का? बोंडाभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला आहे का? नुसते बोंड चोखणारे बाळ दमते, दूध मात्र थोडेच मिळते. ते दहा मिनिटांत झोपी जाते, अर्ध्या तासात रडत उठते आणि आई म्हणते, 'दिवसभर अंगावरच असते, तरी पोट भरत नाही.' तिचे म्हणणे खरे असते. चोखताना चटचट आवाज येतो, गालांना खळ्या पडतात, पाजून झाल्यावर बोंड चपटे होऊन बाहेर येते, त्याला चिरा पडतात, आई दात आवळून पाजते. ही सगळी पकड चुकल्याची चिन्हे आहेत. पाजताना दुखणे ही बाळंतपणाची रीतच आहे, असे सांगून सुनेला गप्प करणाऱ्या घरांनी हे समजून घ्यावे. पकड बरोबर असेल तर दुखत नाही, आणि एक-दोन चोखण्यांनंतर घोट गिळल्याचा आवाज ऐकू येतो.

दुसरी चूक घड्याळाची. 'पाच मिनिटे इकडे, पाच मिनिटे तिकडे' असा सल्ला अजूनही दिला जातो. स्तन रिकामा होत जातो तसे दुधातले स्निग्धांश वाढत जातात, म्हणजे बाळाला बाळसे देणारे दूध उशिरा येते. एक बाजू पुरती संपू द्यावी, मग दुसरी. दिवसरात्रीत मिळून आठ ते बारा वेळा पाजावे आणि रात्रीचे पाजणे तोडू नये. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवी केली, तर दूध पोहोचते आहे असे साधारणपणे समजावे. मुंबई आयआयटीच्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियलमध्ये ही पकड मराठीत, चित्रफितींतून शिकवली आहे. फोन घरोघरी आहेत; गरोदरपणीच त्या पाहाव्यात.

हे न करता डबा आणला की काय होते? बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते. कमी ओढले की दूध कमी तयार होते. मग बाटली एकाची दोन होते आणि महिन्याभरात दूध खरोखरच आटते. 'बघा, आम्ही म्हणत होतो ना' असे घर म्हणते आणि आई ते आयुष्यभर खरे मानते. १९९२ च्या कायद्याने या डब्यांवर बाळाचे चित्र छापायला आणि त्यांची जाहिरात करायला मनाई आहे. इतक्या विचाराने केलेला कायदा प्रसूतिगृहातल्या चिठ्ठीवर सहज लिहिलेल्या डब्याच्या नावापुढे हरतो, याचे मला फार वाईट वाटते.

काही बाळांना वरच्या दुधाची खरोखर गरज असते, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. तिथे आईला दोष देऊ नये आणि उपायाला उशीरही करू नये. पण त्याचाही क्रम आहे: आधी आईचेच पिळून काढलेले दूध, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, ते नसेल तर दुग्धपेढीचे, मग डॉक्टरच्या सल्ल्याने पावडरीचे. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे आपल्या राज्याने विसरू नये. आणि पिताना धाप लागली, कपाळाला घाम फुटला, बाळ सुस्त पडले, त्याने पिणे सोडले, ताप आला, हिरवी उलटी झाली, तर पकड तपासत बसू नये. हृदयाचा दोष, लघवीतला जंतुसंसर्ग, थायरॉइड अशी कारणे डॉक्टरच शोधू शकतात.

सहा महिन्यांनी उष्टावण होते आणि चूक दुसरे रूप घेते. वरणावरचे पाणी, भाताची पातळ पेज. एवढेसे पोट पाण्याने भरते आणि रेघ पुन्हा आडवी होते. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही असा मऊ वरणभात, वर तूप, शेंगदाण्याचे बारीक कूट, चालत असेल त्या घरात अंडे, आणि अंगावरचे दूध चालूच. यात महागडे काही नाही.

महाग आहे तो आईचा वेळ. बीडहून कोयता घेऊन निघालेली ऊसतोड बाई पहाटे फडात जाते, तान्हे कोपीवर मोठ्या बहिणीपाशी राहते. तिला 'आठ ते बारा वेळा पाजा' सांगणे ही क्रूर थट्टा आहे. नोकरदार स्त्रीला कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. हिला एका दिवसाचीही नाही. तिच्या बाळाच्या वजनाचे उत्तर मुकादमाकडे, कारखान्याकडे आणि सरकारकडे मागायला हवे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची कमी वजनाची मुले २०१५-१६ मध्ये ३६ टक्के होती आणि २०१९-२१ मध्ये ३६.१. मधल्या काळात वजने घेण्यात आपण कमी पडलो नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या कामातून देशाने उचललेली ही पद्धत आहे, आणि पाजणे पाहायला या भेटींपेक्षा योग्य वेळ दुसरी नाही. आशाताईच्या वरिष्ठांनी तिला फॉर्म भरण्याच्या घाईतून पंधरा मिनिटे मोकळी करून द्यावीत. आणि आशाताईंनी, परिचारिकांनी, घरातल्या आज्यांनीही वजनाचा आकडा लिहून झाल्यावर पिशवी उचलू नये. आईला एवढेच म्हणावे, 'बाळाला आता पाज बघू, मी बसते इथे.'