मूत्रपिंड बदलले, हृदयाची बाकी राहिली

आईने आपले एक मूत्रपिंड पोटच्या लेकराला दिले, ते त्याच्या शरीरात रुजले, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खाटेवर तासन् तास पडून राहणारे ते मूल पुन्हा पाठीवर दप्तर घेऊन शाळेच्या वाटेला लागले, म्हणजे त्या घरात जो आनंद होतो त्याला तोड नाही. त्या आनंदावर विरजण घालण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये जे प्रथम साधले आणि १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जे आपल्या देशात यशस्वी झाले, त्या मूत्रपिंडरोपणाचा समावेश आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही आहे, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि ज्या दिवशी घरची माणसे 'सुटलो एकदाचे' म्हणून निःश्वास टाकतात, त्या दिवसापासून दुसऱ्याच एका अवयवाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, ही गोष्ट त्यांना पुरेशा स्पष्टपणे कोणी सांगत नाही. तो अवयव म्हणजे हृदय.

हृदयाचे हे दुखणे रोपणानंतर उपजत नाही; ते आधीच सुरू झालेले असते. मूत्रपिंडे निकामी झाली की अंगात पाणी साचते, रक्तदाब चढतो, रक्त कमी होते, आणि या सर्व भाराविरुद्ध रात्रंदिवस राबणाऱ्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊ लागते. शिवाय रक्तातील फॉस्फरसचा निचरा न झाल्यामुळे चुन्यासारखे क्षार धमन्यांच्या भिंतींत बसू लागतात. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डायलिसिसवर असलेल्या २० ते ३० वर्षे वयाच्या १६ जणांपैकी १४ जणांच्या हृदयधमन्यांत असे क्षार आढळले, आणि विशीच्या आतल्या २३ जणांत मात्र एकाच्याही आढळले नाहीत. या दोन आकड्यांच्या मधल्या वर्षांतच आपली संधी आहे, असे मला वाटते. रोपणानंतर रक्तदाब आटोक्यात राहिला तर जाड झालेली भिंत पुष्कळदा पूर्ववत होऊ लागते. पण परक्या मूत्रपिंडाला शरीराने नाकारू नये म्हणून जी प्रेडनिसोलोन, टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात, त्यांतली काही रक्तदाब वाढवतात, काही रक्तातील मेद, काही साखर. आणि ती मनाने बंद करणे म्हणजे आईने दिलेले दान गमावणे होय.

म्हणून मोजमाप चोख हवे. सहा वर्षांच्या मुलाचा रक्तदाब १२०/८० भरला तर 'अगदी नॉर्मल आहे' असे मोठ्यांच्या हिशेबाने समजणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक त्या वयाला तो जास्त आहे, कारण मुलांचा रक्तदाब वय आणि उंची यांच्या कोष्टकाशीच ताडून पाहावा लागतो, आणि दंडाला बांधायचा पट्टाही मुलाच्या दंडाच्या मापाचाच लागतो. त्यातही दवाखान्यात ठीक दिसणारा रक्तदाब रात्री झोपेत चढलेला असू शकतो, आणि तो चोवीस तास दंडाला बांधलेल्या यंत्राखेरीज उघडकीस येत नाही. ही तपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी निदान वर्षातून एकदा व्हावी, आणि शस्त्रक्रियेइतकीच त्यांचीही तरतूद सरकारी योजनेत असावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. मिठाने रक्तदाब चढतो म्हणून घरात लोणचे-पापड मुलाच्या ताटापासून दूर ठेवणे आईला जमते. मात्र प्रसादाला आलेले पपनस टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन या औषधांची रक्तातील पातळी वाढवू शकते, हे तिला कोणीतरी वेळीच सांगायला हवे.

सर्वांत नाजूक काळ येतो तो अठराव्या वर्षी. गोळ्यांमुळे चेहरा सुजतो, आरशात पाहवत नाही, मित्रांत वेगळे पडल्यासारखे होते, म्हणून अनेक मुले-मुली गोळ्या चुकवू लागतात. नेमक्या त्याच वेळी बालरोग विभाग त्यांना निरोप देतो आणि प्रौढांच्या विभागात ती एक जाड फाइल घेऊन, अनोळखी रांगेत, एकटी उभी राहतात. जमिनीचा ताबा देताना ज्या सरकारी दप्तरात पंचनामा, कबजेपावती, सही-शिक्का यांचा इतका काटेकोर शिरस्ता आहे, त्या व्यवस्थेने एका जिवाचा हवाला तोंडी देऊ नये. काही महिने दोन्ही डॉक्टरांनी त्या मुलाला एकत्र तपासावे, सुपूर्दगीचा कागद रीतसर लिहावा, आणि त्यावर मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या आकड्यांखाली रात्रीचा रक्तदाब नि डाव्या कप्प्याची जाडी यांसाठीही रकाने असावेत.