मक्तेदारांच्या मर्जीवरचे प्राण

एचआयव्हीवरील औषधे महाग का, असे विचारताच औषध कंपन्यांचे भाट संशोधनाच्या खर्चाचे तुणतुणे वाजवू लागतात. ज्या एझेडटीने १९८७ साली या उपचारांचा आरंभ झाला, ते रसायन १९६४ मध्ये अमेरिकन सरकारच्या अनुदानावर, कर्करोगासाठी, तयार झाले होते. पेटंट मात्र बरोज वेलकमने पटकावले!

पुढे तीन औषधांचा एकत्रित उपचार आला. वर्षाला दहा हजार डॉलर मोजू शकणारे जगले. आफ्रिकेतील कष्टकरी मरत राहिले. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तोच उपचार साडेतीनशे डॉलरांत देऊ केला. सिप्ला ही काही धर्मादाय संस्था नव्हे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर मक्ता नाकारून केवळ प्रक्रियेला पेटंट दिले होते, म्हणून हे घडले. ती तरतूद २००५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या चरणी वाहिली गेली.

आता लेनाकॅपाविर पाहा. वर्षातून दोनदा टोचले की संसर्ग जवळजवळ पूर्णपणे टळतो. २०२५ मध्ये गिलियडने अमेरिकेत त्याची वार्षिक किंमत २८,२१८ डॉलर लावली. भारतीय कंपन्या २०२७ पासून ते ४० डॉलरांत देणार आहेत. पण गिलियडने निवडलेल्या १२० देशांनाच! ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू वगळले गेले. याच देशांतील माणसांवर या औषधाच्या चाचण्या झाल्या होत्या.

२००७ साली ब्राझीलने सक्तीचा परवाना काढून एफाव्हिरेन्झ भारतातून नेले. तेच त्याने पुन्हा करावे, आणि निर्यातीची वाट भारत सरकारने मोकळी करावी. पेटंट कायद्याच्या ९२-अ कलमात तशी तरतूद आहे.